चहा रुजला, कॉर्नफ्लेक्स भिजले

बाजारात एखादी नवी वस्तू आली आणि पडली, की ती आणणारी मंडळी हटकून दोन कारणं सांगतात. एक, आपले लोक फार कंजूष. दोन, आपले लोक जुन्या वळणाचे, त्यांना नवं काही नकोच असतं. आमच्या घरातली दोन-तीन तरुण मुलं माल खपवण्याच्याच खात्यात नोकरीला आहेत. ती 'कन्झ्यूमर' हा शब्द अशा सुरात उच्चारतात, की वाटावं हा कोणी लांबचा, हट्टी, कशालाच 'हो' न म्हणणारा नातेवाईक असावा! त्यांच्याशी जेवणाच्या टेबलावर वाद घालण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढावं असं ठरवलं. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे उदाहरणंही तिथूनच येणार, त्याला इलाज नाही.

आधी 'नवं नको असतं' हे बघू. आषाढी एकादशीला आपण भक्तिभावाने साबुदाण्याची खिचडी खातो. त्यातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच, बटाटाही तिकडचाच, आणि हिरवी मिरचीसुद्धा पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडे नव्हती. म्हणजे ताटात राहिलं काय, तर तूप, जिरं आणि मीठ! जो समाज उपासाच्या दिवशी इतके परके पदार्थ पवित्र मानून खातो, त्याला नव्याचं वावडं आहे असं कसं म्हणायचं? हे सगळं इथे आलं, टिकलं, इतकं मिसळलं की त्याचं परकेपण कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. मग काही वस्तू अशा मुरतात आणि काही दोन वर्षांत दुकानाच्या फळीवरून उतरतात, हे कशामुळे?

याचं सर्वांत चांगलं उत्तर मला चहाच्या इतिहासात सापडतं.

चहा आज आपल्याला इतका आपला वाटतो, की तोही एके काळी 'बाजारात आणलेला नवा माल' होता हे पटत नाही. आसामात चहाची लागवड १८३० च्या दशकात सुरू झाली, पण तो चहा जायचा विलायतेला. पिकवणारा हिंदुस्थान आणि पिणारा इंग्लंड. इथे चहा पिणं म्हणजे साहेबी थाट, किंवा मग आजारपणातलं औषध. आणि पुण्यात तर तो चक्क धर्मसंकट ठरला. १८९० साली पंचहौद मिशनमधल्या एका कार्यक्रमाला शहरातली नामांकित मंडळी गेली होती, त्यात रानडे आणि टिळकही होते. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातात धरून बाजूला ठेवला. आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. मुद्दा चहाचा कमी आणि तो कोणाच्या हातचा याचा जास्त होता, हे खरं. पण ज्या पेयाच्या एका घोटावरून ग्रामण्य होऊ शकतं, ते पेय पुढे घराघरांत जाईल असं तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर लोक हसले असते.

मळेवाल्यांना मात्र हिंदुस्थानचं गिऱ्हाईक हवं होतं. विलायतेच्या बाजारात भाव पडू लागले तेव्हा त्यांची नजर इकडे वळली. १९०३ मध्ये त्यांच्याच मागणीवरून एक कायदा झाला. निर्यात होणाऱ्या चहावर थोडा कर बसवायचा आणि त्या पैशातून चहाचा प्रचार करायचा. प्रचार म्हणजे काय, तर माणसं गावोगाव हिंडून चहा करून दाखवायची. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्यांतून चहाची दुकानं उघडली गेली. मग पाळी आली रेल्वेची. स्टेशनांवरच्या विक्रेत्यांना किटल्या, कप आणि चहाची पाकिटं दिली गेली. चहा कसा करावा याच्या सूचना लिहिलेल्या पाट्याही लागल्या. भांडं आधी गरम करा, पाणी ताजं घ्या, पत्ती इतकी घाला, इतकी मिनिटं झाकून ठेवा...

आणि खरी गंमत इथे आहे. विक्रेत्यांनी त्या सूचना वाचल्या असतील, नसतीलही, पण पाळल्या नाहीत हे नक्की! चहा 'मुरवायचा' असतो हे त्यांनी साफ नाकारलं. त्यांनी आधण ठेवलं, त्यात पत्ती, साखर आणि दूध सगळं एकत्र घालून उकळलं. दूध भरपूर, साखर त्याहून भरपूर. पुढे कोणी आलं ठेचून टाकलं, कोणी वेलदोडा, आणि आपल्याकडे गवती चहाची पात. मळेवाल्यांच्या माणसांना हे अजिबात आवडलं नाही. एक तर ही चहाची विटंबना, आणि दुसरं म्हणजे दूध-साखर-मसाल्याच्या जोरावर विक्रेता पत्ती कमी वापरतो, म्हणजे माल कमी खपतो. त्यांनी तक्रारी केल्या, पुन्हा पुन्हा शिकवून पाहिलं, पण किटलीवाल्यांनी दाद दिली नाही.

आणि नेमकं त्यामुळेच चहा जिंकला! दूध उकळून, गोड करून पिणं ही आपली जुनी सवय. उपाशी पोटी पाळीवर निघालेल्या गिरणीकामगाराला नुसतं तपकिरी पाणी काय कामाचं? त्याला दूध-साखरेचा आधार हवा. किटलीवाल्याने परक्या पेयाला आपल्या सवयीच्या भांड्यात ओतलं. १९३० च्या दशकात आसामात पानं चुरडून त्याच्या गोळ्या करणारं यंत्र निघालं आणि स्वातंत्र्यानंतर त्या पद्धतीचा चहा सगळीकडे पसरला. थोड्या पत्तीत कडक, रंगदार आणि दुधात न हरवणारा. म्हणजे शेवटी कारखानाच किटलीकडे आला. गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर जे पुस्तक लिहायला घेतलं, त्यात चहाविरुद्ध सांगितलं आहे. लोकांनी गांधीजींचं पुष्कळ ऐकलं, हे नाही ऐकलं. आज भारतात पिकणाऱ्या चहातला बराच मोठा वाटा भारतातच पितात.

आता दुसरी गोष्ट. हिला फार वर्षं झालेली नाहीत, तुमच्यातल्या बहुतेकांना आठवत असेल.

१९९१ नंतर बाजार खुला झाला आणि १९९४ मध्ये केलॉग ही अमेरिकेतली मोठी कंपनी इथे आली. कारखाना आपल्याच तळोज्याला. कॉर्नफ्लेक्स इथे अगदीच अनोळखी होते असं नाही, मोहनचे कॉर्नफ्लेक्स पूर्वीपासून मिळत. पण केलॉगचा आवाका मोठा, जाहिरात मोठी, आणि हिशोब वरवर बिनचूक. इतके कोटी लोक रोज सकाळी नाश्ता करतात, त्यातल्या थोड्यांनी जरी खोकं घेतलं तरी केवढा खप! सुरुवातीला खप झालाही. लोकांनी कुतूहलाने एक खोकं आणलं, आणि दुसरं आणलं नाही.

का? कॉर्नफ्लेक्स खायचे थंड दुधात, कुरकुरीत असतानाच. आता आपल्या घरात दूध कसं असतं? सकाळी पिशवी किंवा चरवी आली, की बाई आधी दूध तापवायला ठेवते. न तापवलेलं दूध मुलाच्या तोंडी लावणं हा तिच्या लेखी निव्वळ निष्काळजीपणा आहे, आणि तिच्या अनुभवात त्याला कारणं आहेत. नासणारं दूध, भेसळीचं दूध, उन्हाळ्यातलं दूध तिने पाहिलेलं असतं. शिवाय सकाळी पोटात गरम काहीतरी जावं ही समजूत. तेव्हा तिने कॉर्नफ्लेक्सवर गरम दूध ओतलं. दोन मिनिटांत त्याचा लगदा झाला, साखर वरून घालावी लागली, मुलाने तोंड वेडंवाकडं केलं आणि नवऱ्याने विचारलं, "आज पोहे नाहीत का?"

पोह्यांवरून आठवलं. पोहे आणि कॉर्नफ्लेक्स दिसायला भाऊ-भाऊ, दोन्ही दाणे चेपून केलेले. पण पोहे भिजावेत म्हणूनच केलेले असतात, आणि कॉर्नफ्लेक्स भिजू नयेत म्हणून धडपडत असतात. पोह्यांना तुम्ही कसंही वागवा. फोडणी द्या, दही घाला, दूध-गूळ घाला, तळून चिवडा करा. कांदा असेल तर कांदेपोहे, नसेल तर दडपे. कॉर्नफ्लेक्सची अट मात्र एकच: आम्हाला आमच्याच पद्धतीने खा.

त्यात किंमत इथल्या मालापेक्षा बरीच जास्त, आणि जाहिरातीचा सूर असा, की तुमचा सकाळचा नाश्ता तेलकट आहे, त्यात कस नाही. हे कोणाला सांगता तुम्ही? जी बाई पहाटे उठून थालीपीठ लावते, रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांना फोडणी देऊन अन्न वाया जाऊ देत नाही, तिला! तिने वाद घातला नाही. ती पुन्हा त्या फळीकडे गेली नाही, एवढंच.

कंपनी शिकली, हेही सांगायला हवं. लहान पाकिटं काढली, मुलांसाठी चॉकलेटचे 'चोकोज' आणले आणि ते चालले. मुलं दूध पिताना कुरकुर करतात, तिथे चोकोज आईच्या कामाला आले. पण मध्ये १९९८ साली आंबा-वेलची, नारळ-केशर आणि गुलाब अशा स्वादांचा एक 'मझ्झा' नावाचा प्रकार आणला होता, त्याने काही घर केलं नाही. हे मला फार बोलकं वाटतं. वेलची-केशर घातलं म्हणजे वस्तू भारतीय होते, हा हिशोब चुकला. अडचण स्वादाची नव्हतीच, अडचण गरम दुधाची होती!

याच्या उलट मॅगी. १९८३ मध्ये आली. शेवया आपल्याला माहीत होत्या, पण खिरीच्या. या तिखट-मिठाच्या. तिने सकाळच्या पोह्यांशी किंवा दुपारच्या वरणभाताशी कुस्ती केली नाही. मुलं शाळेतून येतात ती चार-पाचची वेळ तिने धरली. त्या वेळेला ठरलेला पदार्थ नव्हता, भूक मात्र ठरलेली होती. आणि दुसरं म्हणजे, मॅगी निमूट बदलत गेली. कोणी मटार घातले, कोणी कांदा-टोमॅटो, कोणी अंडं, कोणी वरून शेव. डोंगरावरच्या टपऱ्यांवर ती पातळ झाली, कॉलेजच्या कँटीनमध्ये चीजखाली गेली. आरोग्याच्या दृष्टीने मी तिची वकिली करणार नाही. पण २०१५ मध्ये शिशाच्या प्रमाणावरून तिच्यावर बंदी आली, मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती परत आली, तेव्हा लोकांनी जे स्वागत केलं ते एखाद्या पाकिटाचं वाटत नव्हतं. स्वतःच्या हाताने इतकी वर्षं केलेला पदार्थ परत आल्यासारखं होतं ते.

चहा आणि मॅगी यांत मला एकच सूत्र दिसतं. दोघांनीही घरातल्या हाताला वाव दिला.

मग 'कंजूष' या आरोपाचं काय? त्यासाठी पुडीचा इतिहास बघावा. ज्याला मजुरी रोज मिळते तो खरेदीही रोज करणार. वाण्याकडून चहाची पुडी, साखरेची पुडी, बाटलीत थोडंसं तेल, ही कंजुषी नव्हे, हातात येणाऱ्या पैशाशी जुळवलेला संसार आहे. शाम्पूच्या कंपन्या बाटल्या घेऊन बसल्या होत्या आणि लोक शिकेकाई सोडत नाहीत म्हणून कपाळाला हात लावत होत्या. तमिळनाडूत चिन्नी कृष्णन आणि त्यांच्या मुलांनी शाम्पू छोट्या पाकिटात भरून विकायला काढला. त्यांतल्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये 'चिक' सुरू केला. खेड्यापाड्यांतल्या मुली सणासमारंभाला शाम्पू लावू लागल्या. बाटलीचे पैसे एकदम काढणं ज्यांना जड होतं, त्यांना पुडी परवडली. (त्या पाकिटांचा जो प्लॅस्टिकचा कचरा झाला, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.)

बरं, देशाभिमानावर तरी वस्तू चालते का? १९७७ मध्ये जनता सरकारच्या काळात कोकाकोला देश सोडून गेला. परदेशी भांडवल कमी करण्याची अट कंपनीला मान्य नव्हती. त्याच्या जागी सरकारी 'मॉडर्न'ने 'डबल सेव्हन' नावाचं पेय आणलं. अर्क म्हैसूरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेला, नाव सत्तांतराच्या वर्षावरून. सरकार गेलं आणि त्याच्या मागे पेयही गेलं. त्याच सुमारास पार्लेचं 'थम्स अप' आलं आणि ते अजून आहे. पुढे १९९३ मध्ये कोकाकोलाने परत येऊन पार्लेची पेयंच विकत घेतली, 'गोल्ड स्पॉट' बाजारातून नाहीसं झालं, पण थम्स अपला हात लावता आला नाही. डबल सेव्हन कोणाची तरी रिकामी खुर्ची भरायला आलं होतं, थम्स अपला स्वतःची झणझणीत चव होती. स्वदेशी ही फार मोठी गोष्ट आहे, तिच्यासाठी लोकांनी परदेशी कापडाच्या होळ्या केल्या. पण तहान भागवताना माणूस चवच बघतो.

आता शेवटचं उदाहरण, आणि ते लिहिताना वाईट वाटतं. नॅनो. पावसात स्कूटरवर आख्खं कुटुंब भिजत चाललेलं पाहून रतन टाटांना या गाडीची कल्पना सुचली. हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीला ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा एक लाखाची गाडी म्हणून जगभर गाजली. मग सिंगूरचं आंदोलन झालं, कारखाना बंगालमधून गुजरातेत साणंदला न्यावा लागला, गाडी वेळेवर मिळेना, काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. या साऱ्याचा फटका बसला. वर्षाला अडीच लाख गाड्या काढायचा मनसुबा होता, तो कधीच गाठता आला नाही, आणि २०१८ मध्ये उत्पादन जवळपास थांबलं.

पण या सगळ्याच्या तळाशी एक साधी गोष्ट होती, आणि ती पुढे खुद्द टाटांनीही मान्य केली. ती गाडी 'सर्वांत स्वस्त गाडी' म्हणून लोकांपुढे गेली. आपल्याकडे गाडी दारात येते म्हणजे काय होतं ते आठवा. नारळ फुटतो, हार घातला जातो, पेढे वाटले जातात, शेजारी बघायला येतात. आयुष्यभर स्कूटरला किका मारलेल्या माणसाचा तो मानाचा दिवस असतो. त्या दिवशी शेजाऱ्याने "ती लाखाची का?" असं विचारावं, हे कोणाला रुचेल? त्याने आणखी दोन वर्षं पैसे साठवले, किंवा मारुतीची जुनी गाडी घेतली. पैसे कमी असणं आणि गरीब म्हणवून घेणं यांत फार अंतर आहे.

म्हणून मला वाटतं, नवी वस्तू पडली की आधी तीन प्रश्न विचारावेत. तिला घरात कोणती वेळ मोकळी होती? तिला घरातल्या माणसांनी आपल्या हाताने बदललं तर चालणार होतं का? आणि ती घेताना माणसाचा मान राहत होता का? भांडवल संपतं, माल दुकानापर्यंत पोचत नाही, मोठी कंपनी छोटीला चिरडते, हीही कारणं आहेतच आणि ती खोटी नाहीत. पण मोठमोठ्या, पैशाला कमी नसलेल्या कंपन्याही जेव्हा आपटतात, तेव्हा बहुतेकदा या तिनांपैकी एकाचं उत्तर 'नाही' असतं.

हे प्रश्न मोठ्या कंपन्यांपेक्षा मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते दुसऱ्याच कोणासाठी. आज गावोगावच्या बचत गटांना सांगितलं जातं, 'ब्रँड काढा'. बायका कर्ज काढून यंत्र आणतात, चकचकीत पाकिटं छापून घेतात, आणि काही महिन्यांनी प्रदर्शनातल्या टेबलावर न खपलेल्या मालामागे बसलेल्या दिसतात. केलॉगला दोन वर्षं तोटा सोसता येतो, नवा स्वाद काढता येतो. यांचं पहिलंच पाऊल चुकलं तर गळ्यातलं गहाण पडतं. त्यांना "लोकांना कळत नाही" असं सांगून समजूत काढणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे, आणि ते लोकांबद्दलही खरं नाही.

त्यांनी अभ्यासायचंच तर गिरगावातल्या त्या सात जणींना अभ्यासावं. १९५९ मध्ये त्यांनी ८० रुपये उसने घेतले आणि इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढे 'लिज्जत' झालं. गिऱ्हाईक कोण आहे हे शोधायला त्यांना कुठे जावं लागलं नाही. पापड कधी लाटतात, कधी वेळ नसतो, मिरी किती लागते, तळताना कुठला फुलतो आणि कुठला करपतो, हे सगळं त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरातून माहीत होतं. विकणारी आणि विकत घेणारी यांच्यात अंतरच नव्हतं.

आमच्या घरातल्या त्या तरुण मंडळींना एवढंच सांगणं आहे: पुढच्या खेपेला नव्या वस्तूची पाहणी करायला निघालात, तर कागद-पेन्सिल घेऊन लोकांना प्रश्न विचारण्याआधी एक दिवस कोणाच्या तरी स्वयंपाकघरात सकाळी सहा ते नऊ नुसते उभे राहा. दूध कधी तापतं, ते बघा.